मुखवट्याचा उजेड

श्रावण लागला की एका विशिष्ट प्रकारचे छायाचित्र हमखास पाहण्यात येते. पूर्वी ते दिनदर्शिकेच्या पानावर असे, आता मोबाइलच्या पडद्यावर असते. इतकाच काय तो फरक. शेवाळलेला एक कातळ, त्याला टेकवून ठेवलेला लाल-पिवळा, बटबटीत डोळ्यांचा, सुळे बाहेर आलेला मुखवटा, मागे पांढराशुभ्र धबधबा आणि भोवती हिरवेगार रान. खाली ओळ असते, 'आदिवासी कला, निसर्गाच्या सान्निध्यात'. चित्र देखणे असते, यात वाद नाही. आपणही क्षणभर थांबतो, 'वा!' म्हणतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो.

माझे म्हणणे एवढेच आहे, की या चित्रापाशी आणखी थोडे थांबावे. हाताने केलेली एखादी वस्तू रानात नेऊन तिचे चित्र काढले, की ती निसर्गाच्या सान्निध्यात गेली असे आपण धरून चालतो. ती ज्यांची आहे त्यांच्या लेखी तिचे ठिकाण कोणते, तिचा ऋतू कोणता, तिची वेळ कोणती, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. आणि ती केली कुणी, हे विचारण्याचे तर त्याहूनही नाही.

महाराष्ट्रात असे मुखवटे मुख्यतः येतात ते जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागातून. पूर्वी हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. 2014 साली पालघर हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा ते त्यात गेले. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा जमातींची ही वस्ती. येथे होळीच्या सुमारापासून वैशाखापर्यंत गावोगाव बोहाडा होतो. नाशिककडच्या पेठ-सुरगाणा भागात त्यालाच भवाडा म्हणतात. देवदेवता, रामायण-महाभारतातली पात्रे, राक्षस आणि पशू यांची सोंगे रात्री एकामागून एक निघतात. आरंभी गणपती आणि शारदा येतात. पुढे नरसिंह, मारुती, रावण अशी रांग लागते. मोखाड्यासारख्या ठिकाणी हा जगदंबेचा उत्सव असतो आणि महिषासुराचा वध हा त्याचा कळस. बऱ्याच गावांत एखाद्या सोंगाचा मान ठरावीक घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. त्या घरातल्या माणसानेच तो मुखवटा चढवायचा.

मुखवटा चढवलेला माणूस रस्त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नाचत जातो. संबळ वाजत असतो, सनई सुरात असते, पुढे आणि बाजूला मशाली धरलेले लोक असतात. दोन्ही कडांना सारे गाव पोराबाळांसह बसलेले. सोंग दोन पावले पुढे येते, एक पाऊल मागे जाते, मान झटक्यात वळवते, आणि मांडीवरचे मूल आईच्या पदराआड तोंड लपवते. मुखवटा तयार होतो तो या घटकेसाठी.

तो तयार कसा होतो, हेही पाहण्यासारखे आहे. पूर्वी लाकडाचे मुखवटे अधिक असत. पांगाऱ्यासारखे हलके लाकूड घ्यायचे, कारण रात्रभर नाचायचे तर डोक्यावरचा भार सोसवला पाहिजे. पुढे कागद आला. मातीचा साचा करायचा, त्यावर भिजवलेल्या कागदाचे थर खळीने एकावर एक चढवायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, मग साचा काढून घ्यायचा, वरून पांढरा हात द्यायचा आणि शेवटी रंग. कारागीर सांगतात की सगळ्यात कठीण काम रंगाचे नाही, वाळवण्याचे. घाई केली की कागद आकसतो आणि देवाचे नाक वाकडे होते. काम उन्हावर अवलंबून, म्हणून ते पावसाळा सरल्यावर सुरू होते आणि उन्हाळ्यात संपते.

आता त्या बटबटीतपणाकडे वळू. शहरातला माणूस दिवसाउजेडी हा मुखवटा पाहतो आणि म्हणतो, "जरा भडक आहे नाही?" भडक आहेच. पण तो मशालीसाठी भडक आहे. ज्योतीच्या उजेडात तांबडा आणि पिवळा पेटून उठतात, तर निळा आणि हिरवा काळपट होऊन मागे सरतात. शिवाय सूर्याचा उजेड वरून येतो, मशालीचा बाजूने आणि पुष्कळदा खालून. खालून उजेड आला की भुवयांची सावली कपाळावर चढते, गालांचे उंचवटे पुढे येतात, सुळे लांबतात. ज्योत स्थिर नसते, म्हणून सावलीही हलते आणि कागदाचा चेहरा श्वास घेतो असे वाटते. रस्त्याच्या कडेला बसलेल्या म्हातारीला वीस पावलांवरून नरसिंह ओळखता आला पाहिजे, हा हिशेब त्या डोळ्यांच्या आकारात आहे. रंग लावणाऱ्याने हे कुठल्या पुस्तकात वाचलेले नसते. त्याने बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेले असते.

जपानमधल्या नो नाटकातले लाकडी मुखवटे आपल्या मुखवट्यांच्या अगदी उलट टोकाचे. शांत, फिकट, जवळजवळ भावहीन. तरी गोष्ट तीच. नट मुखवटा किंचित वर उचलतो तेव्हा त्यावर उजेड पडतो आणि तो हसल्यासारखा दिसतो. किंचित खाली झुकवतो तेव्हा तो उदास होतो. या दोन हालचालींना त्यांच्याकडे स्वतंत्र नावे आहेत, तेरासू आणि कुमोरासू. लाकूड तेच राहते. बदलतो तो मानेचा कल आणि पडणारा उजेड. मुखवटा घडवणारा कारागीर जगात कुठेही अर्धेच काम करून ठेवतो, उरलेले अर्धे माणसाची मान आणि ती रात्र पूर्ण करतात.

हे ध्यानात घेतले, की कातळावर ठेवलेला मुखवटा केविलवाणा का दिसतो ते कळते. भर दुपारी झाडाखाली त्याच्यावर कवडसे पडतात आणि रंगाचे ठिपके कुठले, उन्हाचे कुठले, हे कळेनासे होते. चकचकीत ऑइलपेंट असेल तर कपाळावर पांढरा डाग उमटतो. गर्द पानांतून झिरपलेला उजेड हिरवट असतो, तो पांढऱ्या दातांवर उतरतो. सगळ्यात वाईट गोष्ट डोळ्यांची. मागे माणूस नसल्यामुळे भोकांतून शेवाळ दिसते. जाणते छायाचित्रकार यावर उपाय करतात. सकाळचे किंवा मावळतीचे कलते ऊन निवडतात, फ्लॅश वापरत नाहीत, मुखवटा डोळ्यांच्या पातळीवर ठेवून किंचित वळवतात, मागे फार गर्दी येऊ देत नाहीत. असे चित्र पुष्कळ बरे येते. तरी एक गोष्ट कोणत्याही भिंगाने दुरुस्त होत नाही. ती म्हणजे ऋतू.

बोहाडा उन्हाळ्यातला. त्या दिवसांत जव्हारच्या डोंगरांवर हिरवे असे फार थोडे उरते. पळस फुलून जातो. मोहाची फुले पहाटे टपटपतात आणि बायका-मुले ती वेचतात. भातरोपांच्या जागी राब भाजलेला असतो, त्याचे काळे चौकोन उतारावर दिसतात. विहिरींचा तळ दिसू लागतो आणि हंडे घेतलेल्या बायकांची रांग लांब होत जाते. धबधबे आटलेले असतात. मग आषाढ येतो, पाऊस कोसळतो, चार महिने सारा मुलूख हिरवागार होतो आणि मुंबई-नाशिकच्या मोटारी घाट चढू लागतात. त्या वेळी मुखवटे कुठे असतात? घरात माळ्यावर, कापडात बांधून, चुलीच्या धुराच्या आसऱ्याने कोरडे राहिलेले. कागदाच्या मुखवट्याला पावसासारखा वैरी नाही. धबधब्याशेजारी ठेवलेल्या कागदी मुखवट्याचे चित्र म्हणजे वैशाखाच्या देवाला श्रावणात ओले करणे होय. ज्याने तो थर थर वाळवला, त्याला ते पाहून काय वाटेल याचा विचार आपणच करावा.

या हिरवाईचीही एक दुसरी बाजू आहे, ती सांगायला हवी. 1992 साली याच जव्हार तालुक्यातले वावर-वांगणी हे नाव सगळ्या महाराष्ट्राला कळले, ते कुपोषणाने दगावलेल्या बालकांमुळे. पावसाळ्याचे दिवस तेथे टंचाईचे असतात. कोठीतले धान्य संपलेले आणि नवे शेतात उभे. भात निघाले की कितीतरी घरांना कुलूप लागते, माणसे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. होळीला त्यांतली पुष्कळ परततात. गाव भरते आणि बोहाड्याचा संबळ वाजतो. सोंगाला आपल्या माणसांचे गाव लागते, आणि गाव भरलेले असते ते उन्हाळ्यात. आपण जो ऋतू सुंदर म्हणून निवडतो, तो त्यांच्या लेखी पोट आवळण्याचा असतो. चित्रात यातले काहीही येत नाही. एका चित्रात सगळे यावे असा आग्रहही नाही. पण चित्राखाली 'निसर्गाच्या सान्निध्यात' असे लिहिणाऱ्याने कोणता निसर्ग, एवढे तरी जाणून घ्यावे.

ऐंशीच्या दशकात मी या भागातल्या एका ग्रामीण शाखेत अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम तेव्हा जोरात होता. 1980 पासून तो देशाच्या सगळ्या विकासगटांत लागू झाला होता. शेळ्या, बैलजोडी, किराणा दुकान, शिलाई यंत्र असे व्यवसाय ठरलेले. अर्ज यायचे, आम्ही पाड्यावर जाऊन पाहणी करायचो. अशाच एका शेळ्यांच्या अर्जाच्या पाहणीला गेलो असता माळ्यावर कापडाची मोठाली गाठोडी दिसली. सवयीने विचारले, "त्यात काय?" घरधन्याने एक गाठोडे उतरवून सोडले. आत राक्षसाचा मुखवटा. असे काम मी तोवर पाहिले नव्हते. सगळे त्यानेच केलेले होते. अर्जात व्यवसायाच्या रकान्यात मात्र 'शेतमजूर' एवढाच शब्द.

"हे का नाही लिहिलेत?" मी म्हटले.

तो संकोचून हसला. "त्याला धंदा कसा म्हणायचा, साहेब? देवाचं काम हाय ते."

माझ्याजवळ आग्फाचा साधा पेटी कॅमेरा होता. अंगणात आंब्याखाली चांगला उजेड होता. मी मुखवटा बाहेर आणायला सांगितला. त्यावर तो जे बोलला ते मी आजतागायत विसरलेलो नाही. "आता फोटू काढून काय करणार? आता तो कागद हाय. बोहाड्याला या, तवा काढा."

मी बोहाड्याला गेलो. रात्री दोनच्या सुमाराला तोच मुखवटा मशालींच्या मधून आला आणि मी, हिशेबाच्या वह्यांत वाढलेला माणूस, नकळत अंग चोरून मागे सरलो. त्या कॅमेऱ्याची त्या उजेडात काही मात्रा चालणार नव्हती, त्यामुळे माझ्याकडे त्याचे चित्र नाही. पण 'आता तो कागद आहे' हे त्या कारागिराचे वाक्य माझ्या हाती आले, आणि मुखवट्याच्या चित्राकडे मी त्या वाक्यातून पाहू लागलो. वस्तू कधी वस्तू असते आणि कधी वस्तूहून अधिक, हे ती करणाऱ्याला नेमके ठाऊक असते. आपण ते त्याला विचारत नाही, एवढेच.

हे काही फक्त आदिवासी पाड्यावरचे सत्य आहे असे समजू नका. आपल्या घरी गौरी येतात. वर्षभर त्यांचे मुखवटे मऊ कापडात गुंडाळून डब्यात ठेवलेले असतात. आदल्या दिवशी ते बाहेर काढून पुसताना घरातली मुले त्यांच्याशी खेळतात, आपण त्यांना जेमतेम दटावतो. पण अनुराधा नक्षत्रावर आवाहन झाले, पावलांवरून गौर घरात आली, की त्याच मुखवट्यापुढे आजी पदर सावरते. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. मग तो पुन्हा डब्यात. कोकणात तर पुष्कळ घरी रानातून तेरडा उपटून आणतात आणि त्या तेरड्याच्या जुडीवरच गौरीचा मुखवटा बांधतात. मुखवटा आणि रान यांची याहून जवळची भेट मला ठाऊक नाही, आणि ती आपल्याच माजघरात होते. कुणी पाहुणा आषाढात आला आणि म्हणाला, "तुमच्या गौरीचा मुखवटा जरा द्या, नदीकाठी दगडावर ठेवून फोटो काढतो," तर आपण त्याला काय उत्तर देऊ? जे उत्तर देऊ, तेच पाड्यावरच्या माणसाच्या मनात असते. फक्त मोटारीतून आलेल्या साहेबाला ते तोंडावर सांगण्याची त्याची हिंमत होतेच असे नाही.

आता दुसरी बाजू. माझे एक छायाचित्रकार स्नेही आहेत. त्यांना हे सारे ऐकवले, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही लेखक लोक पावित्र्याच्या गोष्टी करा. पण चित्र पाहून गिऱ्हाईक येते, मुखवटा विकला जातो, कारागिराच्या घरी चार पैसे जातात. माळ्यावर राहिला तर कसर खाईल." या म्हणण्यात तथ्य आहे. आज जव्हार भागातले काही कारागीर दिवाणखान्यात लावण्यासाठी म्हणून वेगळे, लहान मुखवटे करतात. ते उत्सवाचे नसतात, विक्रीचे असतात. त्यांचे चित्र रानात काढा, गच्चीवर काढा, कुणाची ना नसावी. पश्चिम बंगालमध्ये पुरुलिया जिल्ह्यातल्या चरिदा गावात छाऊ नाचाचे मुखवटे करणारी घरे ओळीने आहेत. त्या मुखवट्याला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आसामात ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावरच्या मुखवट्यांना ते 2024 साली मिळाले, आणि तेथले मुखवटाकार हेमचंद्र गोस्वामी यांना त्याआधी, 2023 साली, पद्मश्री दिली गेली. हे सारे घडले ते कला लोकांच्या नजरेस आली म्हणून, आणि नजरेस आणण्यात छायाचित्रांचा वाटा मोठा आहे.

तेव्हा कॅमेरा नको, असे माझे म्हणणे मुळीच नाही. माझा प्रश्न आहे, की चित्राने जे मिळते ते कुणाच्या नावावर जमा होते?

यासाठी पॅरिसमधले एक उदाहरण देतो. 1926 साली मॅन रे या अमेरिकन छायाचित्रकाराने तेथे एक चित्र काढले. किकी या नावाने प्रसिद्ध असलेल्या स्त्रीने आपला गोरा, डोळे मिटलेला चेहरा मेजावर टेकवला आहे आणि शेजारी एक काळा, उभट आफ्रिकन मुखवटा हातात धरला आहे. त्याचे फ्रेंच नाव 'नुआर ए ब्लांश', म्हणजे काळी आणि पांढरी. विसाव्या शतकातल्या अतिशय गाजलेल्या छायाचित्रांत त्याची गणना होते. 2017 साली पॅरिसमधल्या लिलावात त्याची एक प्रत 25 लाखांहून अधिक युरोंना विकली गेली. छायाचित्रकाराचे नाव जगाला ठाऊक. त्या स्त्रीचे नाव ठाऊक. मुखवटा पश्चिम आफ्रिकेतल्या बावले लोकांच्या धर्तीचा आहे, हेही जाणकार सांगतात. ज्याने तो कोरला त्याचे नाव मात्र चित्राबरोबर आलेले नाही. अर्धे चित्र ज्याच्या हाताने भरले आहे, तो माणूस चित्रातून पुरता गळाला आहे.

याच्या उलट एक उदाहरणही आहे. शार्ल फ्रेजे या फ्रेंच छायाचित्रकाराचे 'विल्डर मान' हे पुस्तक 2012 साली आले. युरोपातल्या खेड्यांत हिवाळ्यात निघणारी अस्वले, बोकड, रानटी माणसे यांची सोंगे त्याने टिपली. मिरवणुकीच्या गर्दीत नव्हे, तर मोकळ्या माळावर, बर्फात, डोंगराच्या उतारावर. म्हणजे मुखवटा निसर्गात नेऊनच. पण त्याच्या चित्रांत मुखवट्याच्या आत माणूस उभा आहे. पोशाख अंगावर आहे, पाय त्याच मुलुखाच्या जमिनीवर आहेत, हंगाम हिवाळ्याचा आहे आणि सोंगाचे नाव व गाव नोंदलेले आहे. म्हणूनच ती चित्रे पाहताना आपण एक वस्तू पाहत नाही, कुणाला तरी भेटतो. दिवसाउजेडी, रानात काढलेले चित्रही किती मानाने काढता येते, हे त्यातून दिसते.

व्यवसायाच्या रकान्याचा विषय निघालाच आहे, तर आजचीही एक गोष्ट सांगतो. 17 सप्टेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू केली. हाताने काम करणाऱ्या 18 प्रकारच्या कारागिरांना त्यात प्रमाणपत्र, प्रशिक्षण, अवजारांसाठी 15 हजार रुपयांचे साह्य आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. बँकेतला जुना माणूस म्हणून मला ही योजना आवडली. मी यादी काढून वाचली. सुतार आहे, कुंभार आहे, मूर्तिकार आहे, टोपल्या विणणारा आहे, बाहुल्या आणि खेळणी करणारा आहे. मुखवटा करणारा त्याच्या स्वतःच्या नावाने नाही. त्याला जायचे असेल तर शेजारच्या कुठल्यातरी रकान्यातून जावे लागेल. नरसिंहाला बाहुल्यांत बसवावे लागेल. चाळीस वर्षांपूर्वी तो शेतमजूर म्हणून आला होता. त्याला त्याच्या नावाचा रकाना अजून मिळायचा आहे.

सरकारी यादीत एखादा शब्द घालणे तुमच्या-माझ्या हाती नाही. पण चित्राखालची ओळ आपल्या हाती आहे, आणि आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असल्यामुळे ती लिहिणारे लाखो झाले आहेत. सुट्टीत जव्हारला, कोकणात शिमग्याला किंवा आणखी कुठे जाल तेव्हा थोडी पथ्ये पाळता येतील. मुखवटा उत्सवाचा आहे की विक्रीचा, हे आधी विचारावे. उत्सवाचा असेल तर तो बाहेर काढा म्हणू नये. ज्या रात्री तो स्वतः बाहेर येतो त्या रात्री जावे. मशालीच्या उजेडात आताचे कॅमेरे उत्तम काम करतात, सोंगाच्या तोंडावर फ्लॅश मारण्याची गरज नाही. आत जो माणूस असतो त्याला दोन बारीक फटींतून कसेबसे दिसत असते, त्या झगझगाटाने तो अडखळतो. विक्रीचा मुखवटा विकत घ्यावा आणि भाव करताना वाळवण्याचे दिवस आठवावेत.

आणखी एक सुचवतो. एक चित्र मुखवट्याच्या मागच्या बाजूचे काढा. तेथे रंग नसतो. कागदाचे थर दिसतात, एखाद्या जुन्या वर्तमानपत्राची अर्धी ओळ दिसते, बांधायच्या दोऱ्या, डोक्याला टोचू नये म्हणून लावलेली चिंधी, आणि वर्षानुवर्षांच्या घामाने काळा पडलेला कपाळाचा भाग. ज्याच्या घरी तो मान आहे, त्या घरातल्या बापाचा आणि मुलाचा घाम तेथे एकत्र असतो. ही बाजू दिनदर्शिकेवर कधी येत नाही. मला विचाराल तर मुखवट्याचे खरे सान्निध्य ते आहे. दुसरे चित्र करणाऱ्याच्या हाताचे काढा, खळीने माखलेल्या बोटांसह. त्याची परवानगी घेऊन. आणि त्या चित्राची एक प्रत कागदावर छापून त्याच्या घरी पोहोचेल अशी व्यवस्था करा. मोबाइलवर पाठवलेले चित्र दुसऱ्या दिवशी खाली जाते, कुडाच्या भिंतीवर लावलेले राहते.

बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती तात्पुरती 'सस्पेन्स खात्या'त टाकतात. ते खाते चालते, त्यात बेरीज-वजाबाकीही बरोबर असते, पण दरवर्षी तपासनीस येऊन त्यावर बोट ठेवतो आणि विचारतो, ही कुणाची? धनी शोधून रक्कम त्याच्या नावावर चढेपर्यंत शाखेचे काम पुरे झाले असे कुणी मानत नाही. 'आदिवासी कला' एवढीच ओळ लिहून आपण कितीतरी वर्षे असे एक मोठे खाते भरत आलो आहोत. ते रिकामे करायला फार लागत नाही. सोंग कोणते, गाव कोणते, मुखवटा केला कुणी, चढवला कुणी आणि साल कोणते. या पाच गोष्टी विचारायला पाच मिनिटे लागतात, लिहायला एक ओळ. नाव द्यायला कुणी संकोचला, तर तसेही लिहावे, की त्याने नाव सांगितले नाही. निदान कुणीतरी विचारले होते, एवढी तरी नोंद राहील.